दहावीनंतर सायन्स ठरलं, पण पुढची शाखा आत्ताच ठरवायची का? (सांगली-सातारा)

माणिकचमन

नमस्कार मंडळी. आम्ही तासगाव तालुक्यातले, घरची द्राक्षबाग. लेकीचा दहावीचा निकाल लागला, मार्क चांगले आहेत. सायन्सला जायचं हे तिनंच ठरवलंय, त्यावर घरात कुणाचं दुमत नाही. घोडं अडलंय ते पुढं. अकरावीला गणित घ्यायचं, जीवशास्त्र घ्यायचं, दोन्ही घ्यायचं का बायफोकल? आणि घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहाचा कप हातात घेतला की विचारतो, "मग पुढं काय करणार?" पुण्याचे मेहुणे म्हणतात कॉम्प्युटर नाहीतर एआय, दुसरीकडं बघूच नका. तिची आत्या म्हणते नीट दे, मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, घरापासून जवळ.

लेकीचा जीव केमिस्ट्रीत आहे. कारण सांगतो. छाटणीनंतर बागेला बोर्डो (बुरशीवरचं औषध) मारतो आम्ही. मोरचूद (कॉपर सल्फेट) एका बॅरलमध्ये, चुना दुसऱ्यात, दोन्ही प्लास्टिकचे. शंभर लिटरला एक-एक किलो. मग दोन्ही एकत्र करून त्यात घासलेला लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं राहिलंय, चुना वाढवायचा, नाहीतर पानं करपतात. माझ्या वडलांपासून हे चालत आलंय. यंदा हिनं विचारलं, थर कशाचा? मला सांगता आलं नाही. चार दिवसांनी पुस्तक घेऊन बागेत आली, म्हणाली पप्पा, लोखंड तांब्याला बाहेर काढतंय, आमच्या धड्यात विस्थापन म्हणून हेच आहे. आणि बॅरलवर खडूनं समीकरण लिहून ठेवलं. तेव्हापासून दर खेपेला चुना कुठल्या दुकानाचा, किती जास्तीचा लागला, हे सगळं वहीत लिहिते.

तर विचारायचं हे, की सोळाव्या वर्षी शाखा ठरवावीच लागते का? आणि केमिस्ट्री आवडते म्हणजे नेमकं कुठं जायचं? बीएस्सी, फार्मसी, केमिकल इंजिनिअरिंग? आमच्या घरात बारावीपुढं कुणी गेलेलं नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

अजिंक्यतारा

पोरीचं अभिनंदन! बॅरलवरचं समीकरण पुसू नका.

कराड_ते_हिंजवडी

दादा, मी मेहुण्यांच्या बाजूनं बोलतो, कारण मी त्याच वाटेनं आलोय. कराडच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून मेकॅनिकल केलं आणि पहिल्या नोकरीपासून सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्या बॅचचे निम्मे असेच आहेत. घरचं कर्ज फिटलं, भावाचं शिक्षण झालं, गावात घर बांधलं. सातारा-सांगलीतल्या शेतकरी घराला एक चांगला पगार काय करतो ते मी बघितलंय. आवडीचं बोलताना हे मागं पडू नये.

एक सावधगिरी मात्र सांगतो. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईनं २०२४-२५ पासून शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा उठवली. तेव्हापासून खाजगी कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या जागा भरमसाट वाढवल्या आहेत. नावात एआय आहे म्हणून शिकवणारा माणूस आहे असं नाही. घ्यायचंच तर सरळ कॉम्प्युटर सायन्स घ्या, चांगल्या कॉलेजात. सांगलीच्या वालचंद कॉलेजला मिळालं तर सोन्याहून पिवळं, ते घराजवळही आहे.

वाईची_मास्तरीण

माणिकचमन, मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. आधी तुमचा विषयांचा प्रश्न घेते, कारण फॉर्मची मुदत थांबत नाही.

शाखा आत्ता ठरवायची गरज नाही. दारं उघडी ठेवायची, एवढंच आत्ताचं काम. गणित सोडलं की इंजिनिअरिंग जवळजवळ संपलं. बायो सोडलं की नीटही जवळजवळ संपली. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर दोन्हीपैकी एक चालतं. बीएस्सी ॲग्रीला गणिताचा गटही चालतो, बायोचाही. म्हणजे केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलीनं गणित काही झालं तरी सोडू नये. पुढं केमिस्ट्रीतच एमएस्सी करायची म्हटली तरी फिजिकल केमिस्ट्रीत गणिताशिवाय पान हलत नाही.

बायफोकल म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स असे २०० मार्कांचे विषय. दुसरी भाषा आणि बहुधा बायो जाऊन त्यांच्या जागी येतात. इंजिनिअरिंगचं पक्कं असेल तर मुलांना आवडतात, प्रॅक्टिकलला हात चालतो. पण ज्या मुलीचं अजून ठरायचंय तिनं बायो ठेवावं. चारही विषय झेपतात का? दहावीला विज्ञान आणि गणित पाठांतरावर नाही, समजून केलं असेल तर झेपतात. खिळ्याचं कारण शोधणाऱ्या मुलीला झेपतील.

इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीचा भारही समजून घ्या. पीसीएम गटात फिजिक्स ५०, केमिस्ट्री ५०, गणित १०० मार्क. गणिताचा प्रत्येक प्रश्न दोन मार्कांचा. बारावीवर सुमारे ८० टक्के, अकरावीवर २० टक्के प्रश्न असतात. चुकीला मार्क कापत नाहीत.

विट्याची_मूस

धागा बघून राहवलं नाही. माणिकचमन काका, तुमच्या लेकीची ती रिॲक्शन आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे, फक्त धातू वेगळे.

आम्ही विट्याकडचे, गलाईवाले. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं देशभर सोनं-चांदी गाळतात हे इथं बऱ्याच जणांना माहीत असेल. माझे आजोबा तमिळनाडूत, वडील केरळात. सुट्टीत गेलं की मी वडलांच्या भट्टीपाशी बसायचे. जुन्या सोन्यात आधी चांदी मिसळून वितळवायचं, मूस भट्टीत लालबुंद. मग त्याचे बारीक तुकडे करून नायट्रिकमध्ये सोडायचे. तांबूस धूर उठतो. चांदी आणि तांबं आम्लात विरघळतं, सोनं तपकिरी भुकटी होऊन तळाला राहतं. ते धुऊन टाकणखार घालून परत वितळवलं की पिवळंधमक. आणि विरघळलेली चांदी परत कशी मिळवायची? त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. तांबं आत जातं, चांदी बाहेर येते. तुमच्या बॅरलमध्ये लोखंड तांब्याला बाहेर काढतं, आमच्याकडं तांबं चांदीला.

मी बारावीला हे वडलांना वहीवर मांडून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, मग ह्याचंच शिक्षण असेल की कुठंतरी. तसं ते होतं. पुण्याला सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात मेटलर्जी (धातुशास्त्र) आहे. तेव्हा सगळे म्हणाले पोरीला भट्टीचं शिक्षण कशाला. आज मी फोर्जिंगच्या कारखान्यात आहे. तुटलेला क्रँकशाफ्ट मायक्रोस्कोपखाली धरून तो का तुटला ते सांगते. कॅपच्या (सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या) फॉर्ममध्ये माझ्या मैत्रिणींनी ही शाखा सगळ्यात खाली टाकली होती, मी वर टाकली.

सांगायचं इतकंच की केमिस्ट्रीच्या शाखा फक्त केमिस्ट्रीच्या नावाखाली शोधू नका. मेटलर्जी, फूड टेक्नॉलॉजी, पेंट, पॉलिमर, टेक्स्टाइल, सगळीकडं ती आहे. आणि काका, मोरचूद हाताळताना तिला हातमोजे द्या. आमच्या वडलांची छाती नायट्रिकच्या धुरानं गेली. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.

भडंगप्रेमी

विट्याची_मूस, तुमच्या पोस्टवर एक वेगळा धागा काढा. वाचता वाचता माझं भडंग मऊ पडलं.

वारणेचा_बॉयलर

केमिकल इंजिनिअरिंगबद्दल मी बोलू शकतो, वारणानगरला तेच केलं आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे.

केमिस्ट्री आवडते म्हणून केमिकल घेतलेली मुलं दुसऱ्या वर्षी गोंधळतात, कारण तिथं केमिस्ट्री कमी आणि हिशेब जास्त. केमिस्ट प्रयोगनळीत काय होतं ते शोधतो. आम्ही तेच ५० हजार लिटरच्या टाकीत कसं करायचं ते बघतो. टाकी तापली तर उष्णता काढायची कशी, पंप केवढा, पाइप किती जाड, वाफ किती लागेल. ऊस गाळपाला आला की रस तापवतात, चुना घालून गाळ खाली बसवतात, मग एकामागून एक बाष्पीभवनाच्या भांड्यांतून पाकाला नेतात. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला तापवते, दुसऱ्यातली तिसऱ्याला. प्रत्येक भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी ठेवतात, म्हणून रस कमी तापमानाला उकळतो. पहिल्यांदा हे डोळ्यांनी बघितलं तेव्हा मला ही शाखा कळली, पुस्तकातून नाही.

म्हणून काका, हंगामात तिला कुठल्याही साखर कारखान्याची लॅब दाखवा आणि बॉयलिंग हाऊसही दाखवा. सभासद असाल तर आत जाणं अवघड नाही. लॅबमध्ये रमली तर बीएस्सी-एमएस्सी किंवा फार्मसी. भांडी आणि पाइप बघून प्रश्न विचारायला लागली तर केमिकल.

कॉलेजांचं म्हणाल तर वालचंदला केमिकल शाखा नाही. वारणानगरला आहे, कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या टेक्नॉलॉजी विभागात आहे. आणि मार्क खरंच वरचे आले तर मुंबईचं आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञान संस्था), १९३३ पासूनचं, पूर्वी यूडीसीटी म्हणायचे. तिथं केमिकल इंजिनिअरिंग आहेच, शिवाय रंग, अन्न, औषधं, पॉलिमर असे वेगवेगळे बीटेक आहेत.

कराड_ते_हिंजवडी

बॉयलरभाऊ, सगळं पटतं. पण सुरुवातीचा पगारही सांगा की. मुलांना अर्धंच चित्र का दाखवायचं?

वारणेचा_बॉयलर

सांगतो. सुरुवातीला तुमच्यापेक्षा कमी होता, आणि हंगामात रात्रपाळी. आता ठीक आहे. गुजरातच्या किंवा रायगडच्या केमिकल पट्ट्यात गेलो असतो तर लवकर वाढला असता. मी गावाजवळ राहिलो, ते माझं ठरलेलं होतं. पगार बघूच नये असं मी म्हणत नाही. पण चाळीस वर्षं रोज आठ तास जे करायचं, ते आत्ताच्या पाहुण्यांच्या एका वाक्यावर ठरू नये.

इर्विनपूल

सगळे केमिकल-कॉम्प्युटर करताय, सिव्हिलचं नाव कुणी काढेना. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावभागात पाणी आलं तेव्हा इर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. कोयनेतून विसर्ग किती, अलमट्टीची पातळी किती, वारणेची भर किती, हे त्या आठवड्यात सांगलीतली आजीसुद्धा बोलत होती. माझा पुतण्या तेव्हा आठवीत. तो रोज पुलावर जाऊन आकडा लिहून आणायचा. आज सिव्हिल करतोय, जलविज्ञानात पुढं जायचं म्हणतो. आपल्या नदीला असली पोरं पाहिजेत हो.

कोयनाकाठी

इर्विनपूल, पुतण्याला शाबासकी. मी पाटणचा. आमच्या घरात ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप अजून सांगतात. त्याच कोयनेत शास्त्रज्ञांनी सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर घेऊन खडक अभ्यासलेत, आणि त्यासाठीची प्रयोगशाळा कराडला आहे. केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची. पण आमच्या तालुक्यातल्या किती मुलांना जिऑलॉजी (भूशास्त्र) नावाचा विषय असतो हे माहीत आहे? जगभरचे संशोधक आपल्या दारात येतात आणि आपली मुलं फॉर्ममध्ये तो विषय बघतही नाहीत. मला फार लागतं हे.

अजिंक्यतारा

धागा बागेतून निघून भूकंपापर्यंत गेला. छान चाललंय, चालू द्या.

मिरज_जंक्शन

मला एक वेगळी गोष्ट सांगायचीय, आणि ती शाखेपेक्षा मोठी वाटते. माझा मुलगा 'इंटिग्रेटेड' म्हणून एका ठिकाणी घातला होता. कॉलेजचं नाव कागदावर, मूल दिवसभर क्लासमध्ये. दोन वर्षांत त्यानं एकही टायट्रेशन (ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबाथेंबानं द्रावण सोडून मोजणं) स्वतःच्या हातानं केलं नाही. बोर्डाच्या प्रॅक्टिकलला रीडिंग छापील मिळाली. मार्क आले, सीईटीही बरी गेली. पण इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी लॅबमध्ये ब्युरेट हातात धरायला घाबरत होता. ज्या मुलीला खिळा बुडवून बघायची सवय आहे तिला असल्या ठिकाणी घालू नका. अकरावीच्या प्रवेशाआधी कॉलेजची लॅब उघडायला सांगा. बाटल्यांवर धूळ आहे का बघा.

वाईची_मास्तरीण

मिरज_जंक्शन, शंभर टक्के. लॅब दाखवायला जे कॉलेज टाळाटाळ करतं तिथं नाव घालू नये. ब्युरेटमधून शेवटचे थेंब एकेक सोडताना फिनॉल्फ्थेलिनचा गुलाबी रंग येतो, हलवला की जातो, परत येतो, आणि एका थेंबाला राहतो. तो थेंब ओळखायला हात बसावा लागतो. छापील रीडिंगनं तो बसत नाही.

पाषाणकर_पण_मूळची_औंधची

मी आयसर पुण्याला (केंद्र सरकारची विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था) शिकते, केमिस्ट्री. त्या बाजूनं थोडं. आयसरचा पाच वर्षांचा बीएस-एमएस असतो. पहिल्या टप्प्यात भौतिक, रसायन, जीव, गणित सगळं शिकावं लागतं, मुख्य विषय नंतर निवडायचा. म्हणजे सोळाव्या वर्षाची घाई इथं नाही, हे मला स्वतःला फार उपयोगी पडलं. मी आले होते फिजिक्ससाठी.

प्रवेशपरीक्षा वेगळी आहे, आयएटी. ६० प्रश्न, चारही विषयांचे १५-१५. बायो सोडलेल्या मुलांना ते १५ प्रश्न जड जातात, म्हणून वाईच्या बाईंचा चारही विषय ठेवण्याचा सल्ला इथंही लागू पडतो. आमच्या भागातल्या शाळांत ही परीक्षा माहीतच नसते. मला एका शिक्षकांनी कात्रण दाखवलं म्हणून कळलं.

आणि साधी बीएस्सी केली तर ती कमी दर्जाची असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका. सांगलीचं विलिंग्डन १९१९ पासून आहे. साताऱ्याला रयतचं सायन्स कॉलेज आहे. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर केंद्राच्या इन्स्पायर योजनेची वर्षाला ८० हजारांपर्यंतची शिष्यवृत्ती मिळू शकते. फक्त मग एमएस्सी, नेट, पीएचडी असा लांबचा पल्ला आहे, हे घरानं आधी समजून घ्यायला हवं. पंचविशीत पगार नाही म्हणून मुलीच्या मागं लग्नाचा लकडा लावायचा नाही. हे स्पष्ट लिहिते, कारण माझ्या दोन मैत्रिणी त्यामुळंच थांबल्या.

कुपवाड_एमआयडीसी

डिप्लोमाचं कुणीच कसं बोललं नाही? दहावीनंतर तीन वर्षं पॉलिटेक्निक, मिरजेला किंवा कराडला सरकारी आहे. मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमाची पोरं मशीनला हात लावायला बिचकत नाहीत. नीट-सीईटीची दोन वर्षांची घोकंपट्टीही नाही.

पाषाणकर_पण_मूळची_औंधची

दादा, ज्याचं इंजिनिअरिंग पक्कं आहे त्याला डिप्लोमा उत्तम. पण ह्या मुलीचं अजून केमिस्ट्री का केमिकल हेच ठरायचंय. डिप्लोमाला गेली की बारावी सायन्स होत नाही, मग आयसर, नीट, मूलभूत विज्ञान ही वाट बंदच म्हणायची. तिच्या बाबतीत अकरावीच बरी.

कुपवाड_एमआयडीसी

हे बरोबर. तिच्यासाठी माझा मुद्दा मागं घेतो, बाकीच्या पोरांसाठी ठेवतो.

माणिकचमन

सगळ्यांची उत्तरं लेकीनं स्वतः वाचली. खालचं तिनं लिहिलंय.

"नमस्कार. सगळ्यांचे आभार. विट्याच्या ताई, चांदीचं वाचून मी सक्रियता श्रेणी परत उघडून बघितली. लोखंड तांब्याच्या वर, तांबं चांदीच्या वर, सोनं सगळ्यात खाली, म्हणून ते तळाला राहतं. हे आधी पाठ केलं होतं, आता कळलं. मी हातमोजे घालते.

मी चारही विषय घेणार आहे. आत्याला सांगितलं की बायो ठेवतेय, पण नीटचा क्लास नाही लावणार. वारणेच्या काकांना विचारायचंय, केमिकल इंजिनिअरिंगमध्ये गणित जास्त असलं तर मला चालेल, पण स्वतः मोजून बघायचं काम असतं का, का नुसतं कागदावर? आणि चुन्याची शुद्धता दरवेळी वेगळी येते, ती घरी कशी मोजायची हे कुणी सांगेल का? माझ्या वहीत एकाच दुकानाचा चुना दिवाळीआधी कमी लागला आणि नंतर जास्त."

वारणेचा_बॉयलर

बाळ, मोजणं असतं, रोज असतं. टाकीतला नमुना काढून लॅबला देतात आणि त्या आकड्यावर व्हॉल्व्ह फिरवतात. हंगामात वडलांना घेऊन ये, मी दाखवतो. माणिकचमनदादा, खाजगी संदेशात नंबर टाका.

वाईची_मास्तरीण

चुन्याचा प्रश्न फार चांगला आहे. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन चुनखडी होतो, म्हणून जुना चुना जास्त लागतो. तुझी वही तेच सांगतेय. घरी लगेच बघायचं तर चिमूटभर चुन्यावर व्हिनेगर टाक, फसफसला तर कार्बोनेट झालंय. नेमकं मोजायचं असेल तर आम्लाबरोबर टायट्रेशन, ते अकरावीत कॉलेजच्या लॅबमध्ये शिक्षकांसमोर कर, घरी नको. पुढच्या वेळी वहीत गोणी कधी फोडली ती तारीखही लिही.

कराड_ते_हिंजवडी

ह्या मुलीला मी कॉम्प्युटर घे म्हणणार नाही. फक्त एक, ती वही एक्सेलमध्ये चढवायला शिक आणि जमलं तर थोडं पायथन. कुठल्याही शाखेत गेलीस तरी उपयोगी पडेल. इंजिनिअरिंगला बऱ्याच ठिकाणी आता दुसऱ्या शाखेचं मायनरही (जोडविषय) घेता येतं.

इर्विनपूल

कागदपत्रांचं राहू नये म्हणून लिहितो, आमच्या पुतण्याच्या वेळी फार धावपळ झाली. आरक्षणातून प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणीचा प्रस्ताव अकरावीतच कॉलेजमार्फत टाका, बारावीच्या निकालाची वाट बघू नका. लागू असेल तर नॉन क्रीमी लेअर आणि उत्पन्नाचा दाखला. मुलींसाठी २०२४-२५ पासून मोठी सवलत आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ती नाही.

कॅपच्या फॉर्ममध्ये पहिला पर्याय फार विचारानं टाका. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेऱ्यांत जाता येत नाही.

माणिकचमन

इर्विनपूल, हे लिहिलंत ते बरं केलं, पडताळणीचं आम्हाला माहीतच नव्हतं. सोमवारी तहसीलला जातो. त्याआधी शनिवारी लेकीला घेऊन दोन कॉलेजच्या लॅब बघायच्या आहेत, एक तासगावात, एक सांगलीत. सांगलीला रोज जायचं म्हटलं तर एसटीची वेळ जुळते का तेही बघायला पाहिजे. तासगाव-सांगली सकाळी सहाच्या आसपास कुणी जातं का इथलं?

मिरज_जंक्शन

माझी भाची जाते त्या वेळेला. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास मोफत आहे, शाळेचा दाखला घेऊन आगारात जा. गाडीची वेळ भाचीला विचारून रात्री कळवतो.